मथुरामावशींना विचारून घ्या

मी दस्तलेखक आहे. म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या एका टपरीवजा खोलीत बसून लोकांची खरेदीखतं लिहितो. हिंगोलीतली किती घरं माझ्या हातून एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली असतील, ते आता मलाही सांगता यायचं नाही. दस्तात सगळं असतं. पूर्वेला कोण, पश्चिमेचा रस्ता किती फुटी, दक्षिणेच्या भिंतीवर कुणाचा हक्क. फक्त घर उभं कशावर आहे, याबद्दल एक ओळ नसते. ‘त्यावरील बांधकामासह’ असं लिहिलं की आमचं काम संपलं. त्या दोन शब्दांखाली काय काय झाकून जातं हे मथुरामावशी राठोड भेटेपर्यंत मला कळलं नव्हतं, आणि हे कबूल करताना मला थोडी लाजच वाटते.

मावशी सेनगावकडच्या एका तांड्यावरच्या. लग्न होऊन हिंगोलीत आल्या आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी डोक्यावर घमेलं घेतलं. ते खाली ठेवलं थेट गुडघे बोलायला लागल्यावर. अंगानं लहानखुऱ्या, साडीवर कायम एक पुरुषी शर्ट, आणि टाळूवर रुपयाएवढी जागा केसांविना, चुंबळीनं झिजलेली. वय विचारलं तर म्हणायच्या, “वय कुठं मोजलं, साहेब? स्लॅब मोजले.” लिहिता-वाचता येत नव्हतं. गल्लीचं नाव, घराचा नंबर, काही म्हणजे काही लक्षात राहायचं नाही. पण आपण वाहिलेलं एकेक घर त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. हे घर लेकराची झोळी बांधायला सावली दिली त्यांचं, ते घर भर उन्हात प्यायचं पाणीसुद्धा मोजून देणाऱ्यांचं. अशी त्यांची नोंदवही.

त्यांना शोधून काढलं नितीन इंजिनियरनं. नितीन कळमनुरीचा पोरगा, स्ट्रक्चरल ऑडिट करतो. जुनं घर घेणाऱ्यांसाठी तपासणी करून अहवाल देतो. आमच्याकडे हे खूळ नवीनच. इथे लोक घर घेताना दोन गोष्टी बघतात, शेजारी कोण आहे आणि तोंड कुठल्या दिशेला आहे. नितीनकडे काँक्रीटवर टकटक करणारा एक हातोडा आहे, भिंतीची ओल मोजणारं यंत्र आहे. पण आमची जमीन काळी, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळणारी. नितीन म्हणतो, “काका, माझं मशीन कॉलमचं सांगतं. पायात मुरूम भरला का काळ्या मातीवरच घर उभं केलं, ते जमीन खोदल्याशिवाय मला कळत न्हाई. मावशीला इच्यारलं की कळतं. भरणारी तीच असती.”

मावशींची घर पाहायची रीत ठरलेली. पुढच्या दारानं कधी जायच्या नाहीत. “पुढून समदे रंगवतेत,” म्हणायच्या. मागच्या दारानं शिरायचं, घरच्या बाईकडे प्यायला पाणी मागायचं, अर्धा पेला प्यायचा आणि उरलेलं सरळ फरशीवर ओतून द्यायचं. मालकीण हां हां करेपर्यंत मावशी उकिडव्या बसून पाणी कुठं चाललंय ते बघत असायच्या. मग प्रत्येक खोलीत भिंतीला पाठ लावून थोडा वेळ बसायच्या. ओल आधी पाठीला कळते, असं त्यांचं मत होतं. नितीनच्या यंत्राशी ते बहुतेक वेळा जुळायचं, आणि जुळलं नाही की नितीनच यंत्र पुन्हा लावून बघायचा.

मोबदला एक हाजरी, म्हणजे एका दिवसाची मजुरी. घर दोन खोल्यांचं असो की दुमजली बंगला. पण हाजरी मिस्त्रीची हवी, बाईमाणसाची नाही. एकदा कुणीतरी बाईची हाजरी काढून हातावर ठेवली तर मावशींनी ती तशीच परत केली. “घमेलं उचललं तवा बाईची घेतली. आज डोस्कं चालवलं. डोस्क्याची हाजरी बाई-बाप्याला एकच.”

कनेरगाव नाक्यावरच्या एका घराची गोष्ट नितीन नेहमी सांगतो. घेणारा एक ढाबेवाला. घराच्या गिलाव्यावर बारीक भेगांचं जाळं पसरलेलं, रंग उडालेला, बघणाऱ्यानं दारातूनच परत फिरावं असं. ढाबेवाला फिरलाही होता. मावशींनी त्याला हाताला धरून मागं आणलं. “काहून चालला? घे हे घर. ह्या घरच्या बाईनं ऐन मे महिन्यात स्लॅबवर पंधरा दिस पाणी मारलं. टँकर आला न्हाई तर हापशीवरून घागरी आणल्या. आमी हसत होतो तिला.” स्लॅबला पाणी पाजायचा कंटाळा हा आमच्याकडचा सार्वजनिक आजार, त्यामुळे पाणी पाजणारी बाई मावशी विसरत नसत. नितीननं हातोडा लावला. काँक्रीट नव्यासारखं निघालं. भेगा फक्त गिलाव्याच्या होत्या. ढाबेवाला अजून त्या घरात राहतो आणि नितीनकडून जेवणाचे पैसे घेत नाही.

कुरुंद्याची गोष्ट उलट. तिकडे अधूनमधून जमिनीतून गूढ आवाज येतात, भांडी थरथरतात, त्यामुळे घराला कुठंही तडा गेला की लोक जमिनीकडे बोट दाखवतात. जनावरांचे एक डॉक्टर तिथं घर घेत होते. वरच्या मजल्यावरच्या तुळईला, म्हणजे बीमला, खालून मधोमध तडा. विकणारा म्हणाला, “आता जमीनच हालती, त्याला आमी काय करावं!” मावशी वर गेल्या, खिडकीच्या खाचेत बोट फिरवलं आणि खाली येऊन बोट त्याच्यापुढे धरलं. बोट पिवळं. “जमिनीला काहून बदनाम करता, भाऊ? वर हळदीनं भरलेले कट्टे ठेवले होते. भाव येईस्तोर ठेवले असतील. किती होते?” त्यानं तोंड उघडायच्या आत त्याची म्हातारी आतून ओरडली, “साठ होते! मी तवाच म्हणाले होते, खाली ठेवा!” डॉक्टरांनी ते घर घेतलं नाही.

या सगळ्या गोष्टी मी चवीनं ऐकायचो आणि दस्त लिहिता लिहिता गिऱ्हाइकांना सांगायचो. आपल्यावर वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

लोकांची घरं लिहिणारा मी स्वतः जन्मभर भाड्याच्या घरात. सात घरं बदलली. सातव्या घरमालकानं मुलाच्या लग्नाचं कारण सांगून जागा मागितली, तेव्हा माझी बायको वैशाली शांतपणे म्हणाली, “आता आठवं भाड्याचं घर मी बघणार नाही. सामान बांधून देते, तुम्ही एकटे जा.” वैशाली शांतपणे बोलली की आमच्या घरात सगळे घाबरतात. सगळे म्हणजे मी.

मग रेल्वे लाइनच्या पलीकडचं मुळे गुरुजींचं घर पाहिलं. गुरुजी शाळेत विज्ञान शिकवायचे. बायको कमलबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या, मुलगी नांदेडला, म्हणून घर विकून तिच्याकडे निघाले होते. खाली चार खोल्या, मागे अंगण, अंगणात शेवगा. वैशालीनं पहिल्याच भेटीत मिक्सर कुठं ठेवायचा ते ठरवलं. आमची आयुष्यभराची शिल्लक आणि तिचे दागिने, सगळं त्या एका घरात जाणार होतं. ते फसलं तर दुसरं घर घ्यायला आमच्याकडे पैसाही नव्हता आणि वयही नव्हतं. सोमवारी इसार द्यायचा ठरला.

नितीन म्हणाला, “काका, आधी बघू द्या.” मी उडवून लावलं. गुरुजींसारख्या देवमाणसाच्या घराचं कसलं ऑडिट! तेव्हा वैशाली म्हणाली, “गुरुजी देवमाणूस आहेत हे मला माहीत आहे. घराचं मला माहीत नाही.”

रविवारी सकाळी नितीन आणि मावशी आले. मावशींना पाहून गुरुजींचा चेहरा खुलला. “अगं मथुरा, तू! या घराची वीट न वीट हिनं वाहिली आहे.” मावशी नेहमीसारख्या मागून शिरल्या, पाणी प्यायल्या, ओतलं. नितीनचा हातोडा एकेका कॉलमवर टकटकत होता आणि तो मान डोलवत होता. मी वैशालीकडे ‘बघ, सांगितलं नव्हतं?’ अशा नजरेनं बघत होतो. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

ईशान्येच्या कोपऱ्यातल्या देवघराशी मावशी थांबल्या. खोली मागाहून जोडलेली, छोटी. गुरुजी हसत म्हणाले, “हे कमलचं राज्य. मी आपला हात जोडायला यायचो, तेही तिच्या धाकानं.” समईच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली होती. फरशीवाल्यानं ढाळ चुकवला, असा गुरुजींचा शास्त्रीय खुलासा. नितीननं भिंतीवरचं कॅलेंडर उचललं. मागे खिडकीच्या कोपऱ्यातून खाली तिरकी गेलेली भेग, करंगळीचं नख मावेल एवढी.

“मावशी, ह्याच्या खाली काय हाय?” नितीननं विचारलं.

घराबद्दल विचारल्यावर मावशी गप्प, हे नितीननं पहिल्यांदाच पाहिलं. त्या देवापुढे बसल्या, डोकं टेकलं, आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. आम्ही ओसरीवर जाऊन उभे राहिलो. वैशालीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं, सोडलं, पुन्हा घेतलं. ते घर हातचं जातंय हे आम्हा दोघांनाही कळत होतं आणि कुणी कुणाला धीर देत नव्हतं.

मावशी बाहेर आल्या त्या आमच्याकडे नाही, खुर्चीत बसलेल्या गुरुजींसमोर, पायरीखाली उन्हात जाऊन उभ्या राहिल्या.

“गुरुजी, कमलबाईला मी शब्द दिला होता. ह्याच खोलीत, देवापुढं. आज मोडून राहिले. ह्यांचं बिऱ्हाड ह्या घरात येणार, म्हून मोडून राहिले. मागून तुमाला जे बोलायचं ते बोला मला.”

“अगं काय झालं?”

“देवघराखाली शोषखड्डा हाय. जुन्या संडासचा. तवा बाईच्या पोटात लेकरू टिकत नव्हतं. कुणीतरी तिला सांगितलं, ईशान्येला संडास हाय म्हून. तुमी त्या उन्हाळ्यात ट्रेनिंगला परभणीला गेल्ता तीन हप्ते. तेवढ्यात बाईनं संडास पाडला आन् वर देवघर घेतलं. तुमाला सांगितलं, पाइप तुंबला होता.”

गुरुजींनी खुर्चीचा हात धरला. “पाइप तुंबला होता,” ते म्हणाले. म्हणजे त्यांना नेमकं ते वाक्य आठवत होतं.

“खड्डा मीच भरला. मुरूम आणा म्हणलं मुकादमाला. तो म्हणे गुरुजी यायच्या आत झाकायचं हाय, राडारोडा टाक. विटाचे तुकडे टाकले, सिमेटाच्या रिकाम्या थैल्या टाकल्या. जुन्या संडासचं भांडं बी तिथंच हाय. दोन वर्सांनी फरशी बसाया लागली तवा बाईनं मला बोलावलं. पर तवर पोरगी झाली होती. बाई म्हणली, मथुरा, आता ह्याला हात लावायचा न्हाई, आन् ह्यांना कधी सांगायचं न्हाई.”

गुरुजी हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “म्हणजे जन्मभर वर्गात विज्ञान शिकवलं, आणि घरी येऊन संडासाच्या भांड्याला नमस्कार केला!” आम्हीही हसलो. हसू येणारच होतं. चष्मा पुसता पुसता त्यांनी विचारलं, “पण मला का नाही सांगितलं गं तिनं? मला भीत होती?”

“भीत न्हाई, गुरुजी,” मावशी म्हणाल्या. “तुमी हसाल म्हून.”

गुरुजींचं हसू तिथंच थांबलं. ते चष्मा हातात धरून बसून राहिले. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण पाय उचलेना. मावशी मान खाली घालून उभ्या होत्या, चोरी पकडल्यासारख्या. शेवटी गुरुजी म्हणाले, “मथुरा, उन्हात का उभी? बस इथं.” आणि त्यांनी आपल्या शेजारची खुर्ची पुढे ओढली. मावशी खुर्चीवर बसल्या नाहीत. जोत्याच्या पायरीवर बसल्या. पण बसल्या.

पुढचं सगळं नितीनच्या कामाचं. कोपरा उकरला, तेव्हा मावशींनी सांगितलं ते सगळं त्याच क्रमानं वर आलं. भांडंसुद्धा अखंड निघालं. गुरुजी पुढे होऊन ते बघून आले आणि घरात गेले. नितीननं चारी बाजूंनी तपासून सांगितलं की मूळ घराचे कॉलम वेगळ्या पायावर आहेत, त्यांना धक्का नाही. बिघडलाय तो मागाहून जोडलेला कोपरा तेवढा. तसाच ठेवला असता तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंत बाहेर कलली असती, आणि तिच्या खाली वैशाली रोज सकाळी पूजेला बसली असती. हे ऐकल्यावर मी ओसरीवर जाऊन बसलो. वैशाली मात्र उभी राहून नितीनला विचारत होती, “म्हणजे घ्यायचं ना घर? घेता येईल ना?” आणि तो हो म्हणाला तेव्हा ती इतके दिवस धरून ठेवलेलं रडली. मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. आमचा पैसा वाचला, घरही मिळालं, आणि घर का वाचलं हेही आम्हाला माहीत होतं.

कोपरा पाडून नव्यानं बांधून द्यायचा खर्च गुरुजींनी हट्टानं स्वतः केला. आणि काम सोडून चार वर्षं झालेल्या मथुरामावशी रोज सकाळी आठला हजर. कुणी बोलावलं नव्हतं. मुरमाचा थर हातभर झाला की थांबवायच्या, पाणी मारायला लावायच्या, धुम्मस घालून ठोकून घ्यायच्या आणि टाच मारून बघायच्या. टाच रुतली की पुन्हा ठोका. नवीन पोरं वैतागायची. “मावशी, एवढं कोण बघून राहिलं?” मावशी म्हणायच्या, “मी बघून राहिले न्हवं?” शेवटच्या थरापर्यंत त्यांनी कुणाला सुटी दिली नाही. हाजरी देऊ केली तर त्या दिवसांची घेतली नाही. मीही आग्रह केला नाही. तो खड्डा पहिल्यांदा कुणी भरला होता ते मला माहीत होतं.

दस्त मीच लिहिला. ‘त्यावरील बांधकामासह’ हे शब्द आले तेव्हा माझा हात जरा थांबला. कायद्यात दुसरे शब्द नाहीत, म्हणून तेच लिहिले.

आता मावशी सेनगावकडच्याच गोरेगावजवळच्या तांड्यावर लेकीकडे राहतात. नितीन अडला की जीप करून तिकडे जातो आणि घराचे फोटो दाखवतो. फोटोत पाठ टेकता येत नाही म्हणून मावशी चिडतात, असं तो सांगतो. माझी आणि त्यांची भेट पुन्हा झालेली नाही. आम्ही राहायला गेलो त्या दिवशी त्यांना शेवटचं पाहिलं.

सामानाचा टेम्पो आला होता. अर्धं घर ओसरीवर, अर्धं अंगणात, शेजारच्या बायका मदतीला, मी मधेमधे करून सगळ्यांच्या शिव्या खात होतो. दुपारी जेवायला पानं मांडली तर मावशींचा पत्ता नाही. वैशालीनं अंगणात पाहिलं, मी गच्चीवर जाऊन आलो. शेवटी वैशालीच देवघराच्या दारातून मला हातानं बोलवत होती, तोंडावर बोट ठेवून.

देव अजून मांडायचे होते. खोली रिकामी होती. नव्या फरशीवर, बरोबर त्या कोपऱ्यात, मथुरामावशी गाढ झोपल्या होत्या. उशाला हात, तोंड थोडं उघडं, घोरत होत्या चांगल्या. एवढी घरं बांधली, पण फरशी बसल्यावर मजुराला आत झोपायला कोण सांगतं? वैशाली मला कोपर मारून कुजबुजली, “उठवायचं नाही.”

तेवढ्यात मुळे गुरुजी किल्लीचा राहिलेला जोड घेऊन आले. आम्ही दारात असे चोरासारखे का उभे, म्हणून तेही मागून डोकावले. बघत राहिले. मग चपला बाहेर काढून हलक्या पावलांनी आत गेले, भिंतीवरचं बटण दाबलं, आणि पंखा एकवर ठेवला.